तुसाचा राब

“पोरी, ह्या तुसात कोंबडी चोच घालंना. म्या सकाळधरनं बघतीया.”

धोंडाआजीनं हे सांगितलं तेव्हा अश्विनी तिच्या ओसरीवर पाय लांब करून बसली होती. सहावा महिना सरत आलेला, घोटे सुजलेले, हातात मोबाईल. सावळारामच्या टेम्पोनं उतरवलेली पोती भिंतीला लावलेली होती. त्यातलं एक फोडून आजीनं पसाभर माल कोंबड्यांपुढं टाकला होता. कोंबड्या लांबून मान वाकडी करून बघायच्या आणि पुन्हा उकिरड्याकडं वळायच्या.

“आजी, तूस म्हणजे भाताचं टरफल. टरफल कोण खाईल?”

“टरफल न्हाई खात. पर तुसात कणी ऱ्हाती, ती हुडकायला समदा ढीग उकरून काढत्यात. ह्याच्यावर पाय बी ठेवंनात.”

“तुझ्या कोंबड्या लाडावल्यात,” म्हणून अश्विनी हसली आणि परत मोबाईलमध्ये डोकं घातलं.

त्या हसण्याचा राग तिला आजही येतो. दुसऱ्या कुणाच्या नव्हे, स्वतःच्याच हसण्याचा. कारण त्या वेळी ती मोबाईलवर जे लिहीत होती ते वाचलं की कोणीही मान डोलवावी इतकं शहाणपणाचं होतं: ‘हिरवं झाड तोडू नका. तुसाचा राब करा. डोंगर वाचवा.’

वेल्ह्याच्या डोंगरात, आजीच्या पासली गावाकडं, भाताचं रोप टाकायच्या आधी वाफा भाजून घेतात, तो राब. शेणाचा थर, त्यावर झाडांची छाटलेली कवळं, त्यावर पाला आणि गवत, वरून मातीचा हात. फाल्गुन-चैत्रात तो पेटवायचा, म्हणजे तणाचं बी जळतं आणि रोप जोमानं येतं. पण कवळं तोडायची तर झाड बोडकं होतं, वनखात्याचा माणूस दंडुका आपटत येतो, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला झाडावर चढवायचं कोणी? अशात सावळाराम आला. हमरस्त्याकडच्या एका कारखान्यात तो टेम्पो चालवायचा. म्हणाला, तूस हाय, फुकट हाय, घरपोच हाय. अश्विनीला वाटलं, देवच पावला. झाडही वाचलं, आजीही वाचली.

धोंडाआजी ही तिच्या वडिलांची चुलती. आईवडील थोरल्या भावाकडं चिंचवडला गेल्यापासून अश्विनीला माहेर म्हणून उरलं होतं ते आजीचं दोन खोल्यांचं घर. वाडीपासून पाचेक मिनिटं लांब, भातखाचराच्या कडेला, मागं गोठा. सासर कामथडीचं. तिथून पासलीला यायला एसटी बदलत अर्धा दिवस जायचा, तरी ती यायची.

तिनं लिहिलेलं ते वाडीच्या ग्रुपवर गेलं, तिथून खोऱ्यातल्या बाकीच्या गावांत. सावळारामनं त्याचा कागद छापून टेम्पोच्या दाराला चिकटवला. वर स्वतःची एक ओळ घातली: ‘बीएस्सी झालेल्या ताईंचा सल्ला.’ अश्विनीनं त्या दाराशेजारी उभं राहून फोटोसुद्धा काढून घेतला होता.

त्या वर्षी राब पेटले. धूर काळा आला आणि जमिनीला धरून बसला. राख पांढरी भुरभुरीत व्हायची ती गुठळ्या-गुठळ्यांची झाली. आजीला खोकला लागला तो पाऊस पडेपर्यंत गेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तूस, पुन्हा धूर, आणि या खेपेला खोकला पाऊस पडल्यावरही राहिला. “वयाचं हाय गं,” असं आजी फोनवर म्हणायची आणि बोलताबोलता मध्येच गप्प व्हायची. खोकला दाबायला ती फोन पदरात गुंडाळते हे अश्विनीला कळायचं.

तोवर शेफाली झाली, रांगायला लागली, चालायला लागली, दिसेल ते तोंडात घालायला लागली. अश्विनी आधीच काळजीखोर, आता तर तिला झोपेतही कान असायचे. नळाचं पाणी उकळायचं, गाळायचं, निवल्यावर पुन्हा वास घ्यायचा. नवरा हनुमंत म्हणायचा, “पाण्याची परीक्षा घेतीस का पोरीला पाजतीस?” तिला त्याच्या बोलण्याचा राग येत नसे. पाणी नदीकाठच्या विहिरीतून येतं आणि नदी डोंगरातून येते, एवढं तिला ठाऊक होतं. डोंगरातून येणारं म्हणजे स्वच्छ, असंच ती धरून चालली होती.

मग निलोफर आली. भोरच्या कॉलेजात दोघी एका बाकावर बसलेल्या. निलोफर पुढं शिकत राहिली आणि आता नदीतल्या बारीक प्लास्टिकवर संशोधन करत होती. तिळाएवढं, रव्याएवढं, डोळ्याला न दिसणारंसुद्धा. पासलीपासून कामथडीपर्यंत पाच ठिकाणचं पाणी तिला हवं होतं आणि वाटा ठाऊक असलेलं माणूस हवं होतं.

“सुती साडी नेस,” तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. “पॉलिस्टरची ओढणी घेऊन आलीस तर नदी राहील बाजूला, तुझ्या ओढणीचेच धागे मोजत बसू.”

पावसाळा ओसरल्यापासून संक्रांतीपर्यंत दोघी नदीत उतरत राहिल्या. स्टीलच्या बादलीनं पाणी काढायचं, मलमलीहून बारीक जाळीतून ओतायचं, जाळीवर राहिलेलं काचेच्या बाटलीत धुवून घ्यायचं, बाटलीवर गाव नि तारीख. शेफाली काठावर हनुमंतच्या मांडीवर. तिनं खडा उचलला की अश्विनी पाण्यातून ओरडायची.

निलोफरचा अंदाज साधा होता. वर कमी निघेल, खाली वस्ती, हॉटेलं, रस्ता, तिथं जास्त निघेल. निघालं उलटं. सगळ्यात जास्त पासलीच्या खालच्या डोहात.

“असं कसं?” सूक्ष्मदर्शकावरून डोकं न काढता निलोफर म्हणाली. “वर आहे काय? डोंगर, भात आणि देव. यांच्यातलं कोण प्लास्टिक टाकतंय?”

“बघू.”

अश्विनीनं डोळा लावला. दुधी रंगाचे पापुद्रे, कडा फाटलेल्या. एकावर निळ्या शाईचं अर्धं टिंब. ती तो रंग ओळखत होती. रोज सकाळी ती तो कात्रीनं कापायची. दुधाच्या पिशवीचा होता तो.

“सगळे तेच,” निलोफर म्हणाली. “काही जळून गोल झालेत. नदीकाठी कोणी दुधाच्या पिशव्या जाळतं का? काय जाळतात तिकडं?”

“जाळतात म्हणजे… राब. शेण, पाला, गवत.” अश्विनीनं भिंगावरचा डोळा काढला. “आणि तूस.”

“कसलं तूस?”

मान वाकडी करून बघणाऱ्या कोंबड्या तिच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या, आणि तिनं सावळारामच्या पोत्यांचं सगळं सांगितलं.

दोघींनी आकडे, नकाशे, फोटो घेतले आणि पुण्यातलं एक सरकारी कार्यालय गाठलं. साहेब सज्जन होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, शेफालीला बिस्किट दिलं, अहवालाची पानं ओल्या बोटानं उलटली.

“तुमचं म्हणणं, प्रमाण जास्त आहे.”

“हो सर.”

“कशापेक्षा जास्त? यासाठी मर्यादा किती ठरवलेली आहे?”

निलोफर म्हणाली, “ठरवलेलीच नाही सर. तेच तर—”

“मग ओलांडली कशी म्हणता?” साहेबांनी अहवाल बंद केला. “मर्यादा असती तर मी आज नोटीस काढली असती. काम चांगलं आहे हं तुमचं. छापून आणा कुठंतरी.”

अश्विनीच्या ओठांवर आलं होतं की साहेब, घराला कुंपण नाही म्हणून चोर चोर ठरत नाही का? पण मांडीवर पोर होती आणि समोर खुर्ची होती. जिन्यावर आल्यावर मात्र तिनं ते मोठ्यांदा म्हटलं. दोन शिपाई वळून बघायला लागले. निलोफरनं तिचा दंड धरून खाली आणलं.

“दुसऱ्या माणसाकडं जाऊ,” निलोफर म्हणाली. “पण पोत्यातला माल आधी हातात हवा. पापुद्रा नदीतला आणि पोत्यातला एकच, हे दाखवायला हवं.”

माल कुठं आहे हे त्याच संध्याकाळी कळलं. आजीचा फोन आला. औंदा सावळारामनं दुप्पट पोती टाकलीत, वाडीतल्या सगळ्यांनी ती वाफ्यांवर पसरलीत, सोमवारी सकाळी एकदम राब पेटवणार. “माझा बी पसरलाय कुंडलिकनं. बरं झालं बाई, तू सांगितल्यालं. न्हाईतर कवळं कोण तोडणार हुतं?”

मध्येच फोन पदरात गेला. अश्विनी कान लावून ऐकत राहिली. खोकला संपायला किती वेळ लागतो ते तिनं मनातल्या मनात मोजलं आणि मग मोजायचं सोडलं. अजून एक राब हिच्या छातीला सोसणार नाही, एवढं मोजायला बीएस्सी लागत नव्हतं.

रविवारच्या पहिल्या एसटीनं ती, निलोफर आणि शेफाली निघाल्या. पासलीत उतरल्या तेव्हा देवळाच्या पारावर माणसं जमलेलीच होती. उद्या कोणाचा राब आधी, वारा कुठला, पाण्याच्या घागरी कोणी धरायच्या, असलं बोलणं चाललेलं. सावळाराम टेम्पोला टेकून उभा होता. दारावरचा कागद उन्हानं पिवळा पडला होता, पण वाचता येत होता.

“आल्या ताई!” तो म्हणाला. “आमच्या कंपनीच्या शास्त्रज्ञ!”

माणसं हसली. अश्विनीनं शेफालीला निलोफरकडं दिलं आणि सरळ बोलायला सुरुवात केली. हे तूस नाही, प्लास्टिक आहे, दुधाच्या पिशव्यांचा चुरा आहे, उद्या पेटवू नका.

“अगं ए,” कुंडलिक म्हणाला. तो धोंडाआजीचा बांधशेजारी, बोलायला फटकळ. “दोन वर्सं आमच्या माथी हाणलं तूच. झाड तोडू नगा, तूस घ्या. आता तूस नगं म्हणतीस. उद्या म्हणशील भातच खाऊ नगा.”

“चुकले मी, कुंडलिककाका. न बघता लिहिलं.”

“मंग आता बघून सांगतीस का न बघताच?”

निलोफरनं पर्समधनं सुई काढली, लांब, जाड, गोधडी शिवायची असते तशी. संशोधनात हीच खूण धरतात: तापलेली सुई टेकवायची. झाडाचं असेल तर करपतं. प्लास्टिक असेल तर आकसतं, वितळतं, सुईला तार धरतं. अश्विनीनं देवळातल्या निरांजनावर सुई धरली. पुजाऱ्याच्या बायकोनं नाक मुरडलं, पण अडवलं नाही.

एकानं वाफ्यावरून ओंजळभर माल आणला. अश्विनीनं त्यातलं एक टरफल निवडून केळीच्या पानावर ठेवलं आणि सुई टेकवली. ते काळं पडलं, कागद जळल्यासारखा वास आला.

“हे तूस.”

मग शेजारचा एक पापुद्रा. सुई जवळ नेली तसा तो अंग चोरून मागं सरला, गोळा झाला, आणि सुई उचलली तसा तिच्याबरोबर केसासारखा धागा ओढला गेला.

“आन् हे?” कुंडलिकनं विचारलं.

“हे तुम्ही सांगा.”

दुसरा पापुद्रा, तिसरा, चौथा. मग लोकांनीच वेचून द्यायला सुरुवात केली. “हे बघ गं, हे टरफल वाटतंय.” ते टरफल निघालं नाही. ओंजळीत निम्म्याहून अधिक प्लास्टिक निघालं. वर थोडं खरं तूस मिसळलेलं होतं, कारखान्यातला ओला गाळ सुकून सुटा व्हावा म्हणून.

सगळ्यांची तोंडं सावळारामकडं वळली. तो अजून टेम्पोलाच टेकून होता.

“म्या खोटं कुठं बोललो?” तो म्हणाला. “कारखान्यात पिशव्या धुऊन कापत्यात, त्यातनं जो बारीक चुरा हौदात बसतो त्येला आमच्यात तूसच म्हणत्यात. समदे कामगार म्हणत्यात. म्या तूस म्हणलं, तुमी भाताचं समजलात. ह्यात माझा काय गुन्हा?”

एवढा निर्लज्जपणा इतक्या शांत आवाजात अश्विनीनं कधी ऐकला नव्हता. कचरा टाकायला कारखान्याला जागा लागते, जागेला पैसा लागतो. तो वाचवायला याला एक शब्द पुरला. पोत्यावर कुठं लिहिलेलं नाही, कागदावर कुठं सही नाही. सही असलीच तर तिचीच, बीएस्सी झालेल्या ताईंची.

ती टेम्पोकडं गेली. कागद खरवडून काढायला लागली. खळ पक्की होती, नखं भरली, तरी ती थांबली नाही.

“ताई, रंग निघंल,” सावळाराम म्हणाला.

“निघू दे. तुझा तर निघालाच आहे.”

आता बायका खवळल्या. एकजण म्हणाली, माझी सून दोन वर्सं ह्याच राखंत रोप टाकतीया. दुसरी म्हणाली, आमच्या झऱ्यावर पांढरा तवंग येतो तो ह्योच का? कुंडलिकनं मात्र अडचणीचाच प्रश्न काढला. “समदं खरं. पर उद्या जाळायचं काय? शेण पुरत न्हाई, कवळं तोडू देत न्हाईत. पुस्तकात असंल तर सांगा.”

निलोफर काहीतरी सांगणार होती, पण बोलली धोंडाआजी. पाराच्या कडेला ती काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती.

“काय जाळायचं ते मागनं बघू. पैल्यांदा काय जाळायचं न्हाई ते ठरवा. म्या जाळणार न्हाई.” तिला ठसका लागला, सगळे तो सरेपर्यंत थांबले. “एक साल बिनराबाचं रोप टाकीन. तण येईल, निंदीन. माझं हात हायेत अजून.”

“तुझं हात दिसत्यात म्हातारे,” कुंडलिक म्हणाला, “काठी सोडली तर पडशील.” पण तोच उठला, आणि पहिलं खोरं त्यानंच उचललं.

पसरलेला माल भरून घ्यायला दोन दिवस लागले. शंभरावर पोती झाली. ती ठेवायची कुठं, यावरून पुन्हा वाद, कारण कोणाच्याच दारात ती नको होती. शेवटी आजीनं आपला गोठा दिला. जनावर आता नव्हतंच. निलोफरनं फोटो, वजन, नमुने घेतले आणि दुसऱ्या एका कार्यालयात अर्ज टाकला. आता कोणाला मर्यादा विचारता येणार नव्हती, कारण शेतात कचरा टाकायला तर बंदी आहे. मग दोन माणसं आली, पंचनामा झाला, गोठ्याच्या दाराला लाखेचं सील लागलं. कागदावर लिहिलं, ‘विषारी कचऱ्याचा मुद्देमाल पुढील आदेशापर्यंत जागेवरच ठेवण्यात यावा.’ सही म्हणून आजीचा अंगठा.

“न्यायचा कधी हा माल?” अश्विनीनं विचारलं होतं.

“आदेश आला की.”

“आदेश कधी येणार?”

“ते वर.”

याला आज पंचवीस दिवस झाले. वर म्हणजे कुठं ते अजून कोणी सांगितलेलं नाही. शंभर पोती प्लास्टिक, पत्र्याचा गोठा, त्याला लागून आजीची झोपायची खोली, आणि चैत्राचं ऊन. विषारी कचरा आहे असं सरकारनं स्वतःच लिहून दिलं, आणि तो राखायला एका खोकणाऱ्या बाईला बसवलं! कारखान्याच्या मालकाला अजून साधा प्रश्न विचारलेला नाही. त्याचे हौद भरतायत, आणि टेम्पो आता दुसऱ्या खोऱ्यात जातो म्हणतात.

गेल्या आठवड्यात सावळाराम आजीच्या दारावरून गेला. जाताना म्हणाला, “आजी, उन्हाळ्याचं दिस हायेत. ठिणगी कुठनं बी येती. जपून ऱ्हावा.” आजीनं ते फोनवर हसत सांगितलं. अश्विनीला हसू आलं नाही. गोठा जळाला तर पुरावा जळतो, आणि आग लावणाऱ्याला आजी आत आहे की नाही याच्याशी काय देणंघेणं? तिनं चौकीत फोन केला. तिकडून विचारलं, “आग लागली का?” नाही म्हटल्यावर, “मग लागल्यावर कळवा.”

शुक्रवारपासून आजीचा फोन लागत नाही. कुंडलिककाकाचा लागतो, पण तो उचलत नाही. वाडीच्या ग्रुपवर विचारलं, तेही कोणी बघितलेलं नाही. सावळारामची बहीण कुंडलिककाकाच्याच घरात दिलेली आहे, हे अश्विनीला आता आठवतं. निलोफर नमुने घेऊन परगावच्या प्रयोगशाळेत गेली आहे. हनुमंतची रजा मंजूर नाही. शेफालीचा ताप एकशे तीनवरून खाली येत नाही. तिला घेऊन अर्धा दिवस एसटीत बसायचं नाही, टाकूनही जायचं नाही. अश्विनी एका हातानं तिच्या कपाळावर पट्टी ठेवते आणि दुसऱ्या हातानं तोच नंबर पुन्हा लावते.

म्हणून हे वाचणाऱ्या तुमच्याकडं तिचं मागणं आहे. तुमच्यातलं कोणी वेल्ह्याकडं निघालं असेल, गड बघायला, धबधबा बघायला, पाव्हण्यांकडं, तर पासलीला उतरा. देवळाच्या मागची पायवाट धरा, वाडी सोडून पाच मिनिटं चाला. पत्र्याचा गोठा दिसेल, दाराला लाल सील असेल. असेल ना, तेवढं बघा. मग शेजारचं दार वाजवा. उघडायला वेळ लागेल, तिला उठायला वेळ लागतो. आतून खोकला ऐकू आला तर घाबरू नका. नाही आला, तर मात्र दार ढकला.

आणि काय दिसलं ते अश्विनीला कळवा. खोटा धीर देऊ नका.